आवडाबाईचं सासर

मुंबईत हलती चित्रं आल्यापासून आमच्या त्र्यंबकच्या कंदिलाला काळं कुत्रं विचारीत नाही. असो. भिंतीवर माणसं चालतात, घोडे उधळतात आणि पुढच्या रांगेतले लोक दचकून मागे सरतात, हे मीही तिकीट काढून पाहून आलो. चांगलं आहे. पण मी काही दचकलो नाही. न हलणारं चित्र माणसाला काय करू शकतं, ते मी कळव्याच्या भाताच्या वखारीत आधीच पाहून बसलो होतो, आणि तेव्हापासून माझे डोळे दिपवणं जरा अवघड झालं आहे.

त्र्यंबक माझा आतेभाऊ. कल्याणात पारनाक्यावर त्याचं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान होतं, पण जीव सगळा दुकानामागच्या खोलीत. तिथे त्याचा तो पत्र्याचा जादूचा कंदील. आत घासलेटचा दिवा, पुढे पितळी नळी, नळीत भिंग. दिवा आणि भिंग यांच्यामध्ये काच सरकवायची. काचेवर त्याने चार केसांच्या कुंचल्याने काढलेलं बोटभर चित्र. अंधाऱ्या जागी पांढरं कापड ओलं करून ताणलं आणि मागून कंदील लावला की तेच चित्र घराएवढं होऊन उभं राही. चित्रं काढायची त्याने, आणि ती दिसत असताना गोष्ट सांगायची मी, परशुरामाने. माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जात असे. हे मीच सांगतो, कारण सांगणारं दुसरं कोणी उरलेलं नाही.

अठराशे चौऱ्याण्णवच्या आसपासची गोष्ट. माघात आम्ही कळव्याच्या देवळापुढे रामायणाचा खेळ केला. लंका जळताना त्र्यंबक दोन काचा एकमेकींवरून सरकवी, त्यामुळे ज्वाळा हलल्यासारख्या वाटत आणि बायाबापड्या हात जोडत. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, भरतीबरोबर कल्याणच्या बंदराला लागलेल्या मिठाच्या होडीतून एक बाई उतरली आणि विचारत विचारत दुकानात आली. पन्नाशीची, काटक, लुगडं गुडघ्यावर खोचलेलं, टाचांना मिठाने पडलेल्या भेगा. डोक्यावरची पाटी तिने उंबऱ्यात उतरवली. पाटीत मीठ, मिठावर दोन दुधी भोपळे. ही आवडाबाई.

तिने विचारलं, "ती लंका तुमी बघली काय?"

त्र्यंबक म्हणाला, नाही बुवा, लंका कुठली पाहायला मिळते?

"मंग न बघताच काडली. तसाच मना चीन काडून द्या."

मी हसलो. त्र्यंबक हसला नाही. अशा वेळी तो हसत नसे, म्हणून तर त्याचं दुकान कधी धड चाललं नाही. त्याने तिला बसायला घोंगडी टाकली आणि चीन कशाला हवा ते विचारलं. मग बाईने जे सांगितलं ते ऐकून मीही हसायचा थांबलो.

आवडा कळव्याच्या आगऱ्यांची. बाप मिठागरात, आजा मिठागरात. तिनेही चालायला लागल्यापासून खाडीचं पाणी आणि पायाखालचं मीठ, एवढंच पाहिलेलं. लहानपणी लग्न झालं, पण सासरी जायच्या आधीच नवरा पटकीने गेला. तिकडची माणसं सांगायलाही आली नाहीत. भाऊ पंढरी चांगला होता, त्याने तिला ठेवून घेतली. भावजय सखुबाई मात्र जिभेची तिखट. जात्यावर बसल्या की बायका सासरची गाऱ्हाणी गात. आवडाला गाऱ्हाणं घालायलाही सासू नव्हती. तिची पाळी आली की सखुबाई म्हणे, पुढचीने गा, हिला कुठलं आलंय सासर.

मग आला चिनू. हे नाव गावाने ठेवलेलं. सिंगापूरकडून काही चिनी कैदी ठाण्याच्या तुरुंगात आणले होते, त्यांतला तो एक. बंदरावरच्या मारामारीत माणूस मेला होता म्हणे. त्याबद्दल तो बोलत नसे आणि आवडाने खोदून विचारलं नाही. शिक्षा संपली, तेव्हा त्याच्याबरोबरचे सुटलेले कैदी जहाज पकडून निघून गेले, कोणी माझगावात आपल्या जातभाईंकडे राहिले. हा पठ्ठ्या एकटा खाडी ओलांडून कळव्याला आला. गावाबाहेर डोंगराच्या पायथ्याशी, जिथे कोणी गोठाही बांधला नसता, तिथे त्याने कुडाची झोपडी उभी केली. वेताच्या टोपल्या विणू लागला, दुधी-काकड्या लावू लागला, आणि हंगामात मिठागरावर कामाला येऊ लागला. मीठ त्याच्या हाताला असं येई की जुने आगरी बघत राहत. ते कुठे शिकलास म्हटलं तर तो नुसता हसे.

पुढे आवडाने त्याच्याशी पाट लावला. गावाने तोंडं वाकडी केली, पंढरीने मात्र बहिणीच्या तोंडाकडे बघून होकार दिला. एकच अडचण होती, आणि ती सखुबाईने चारचौघांत बोलून दाखवली. पहिल्या वेळी सासर दिसलं नाही, दुसऱ्या वेळी सासर समुद्रापार. माप ओलांडायला उंबरा नाही आणि पाया पडायला सासू नाही, तर ही कसली नवरी?  पुढे मुलगी झाली, लक्ष्मी. ती दिवा गावाला सासरी गेली तेव्हा तिने भरलेलं माप पायाने लवंडलं, त्याचे दाणे आवडाने कोणाच्या नकळत कनवटीला बांधून आणले. हे तिने आम्हाला सांगितलं आणि मान फिरवली. मला वाईट वाटलं. सासर नाही म्हणून रडणारी बाई मी तोवर पाहिली नव्हती. आमच्याकडे सासर आहे म्हणून रडतात.

पण ती स्वतःसाठी आली नव्हती. चिनूबाबाचे डोळे चालले होते. एक डोळा मोतीबिंदूने गेलेला, दुसऱ्याला फक्त उजेडाचं काही असेल तर दिसे. समोरचा डोंगरही वर्षभर दिसत नव्हता. आणि डोंगराचंच त्याला वेड. चैत्रात एकदा तो बांधावर भाताचा वाडगा ठेवून उदबत्त्या लावी, ते समुद्राकडे तोंड करून नव्हे, डोंगराकडे. गावाला वाटे, वरच्या देवीला करतो.

"डोले पार जावाचे आदी त्याला त्याचा गाव बघाला मिलाला पायजे," आवडाबाई म्हणाली. "तिकडं नेवाची माजी ताकद नाय. लंकेसारका इकडंच आना."

त्र्यंबकने तिला विचारलं, गाव दिसायला कसा आहे म्हणून. ती चटकन सांगू लागली. पुढे खाडी, खाडीला लागून मिठागरं. मागे आडवा डोंगर, बैल बसल्यासारखा. त्याच्या पोटाशी पूर्वजांच्या समाध्या, आणि पायथ्याला एकटं घर. हे सगळं तिला चिनूबाबाने सांगितलं होतं. पाट लावला तेव्हा त्याला मराठी धड येत नसे, म्हणून सांजचा बांधावर बसून तो हाताने दाखवी. डोंगर? असा. खाडी? अशी. पुढे मराठी आली, पण सवय तीच राहिली. तिला वर्षानुवर्षं ऐकून सगळं पाठ होतं. त्र्यंबक ऐकत होता आणि नखाने टेबलावर रेघा ओढत होता. तिने पाटीतलं मीठ आमच्या बरणीत रिकामं केलं आणि ओहोटीला परत गेली.

त्यानंतर महिनाभर त्र्यंबक चीनने झपाटला. एका गावाचा खेळ होत नाही, भोवती देश हवा, असं त्याचं म्हणणं. घरातल्या लोणच्याच्या चिनी मातीच्या बरणीवर एक पूल आणि दोन पक्षी होते, ते काचेवर उतरले. चहाच्या पेटीवरचा मनोरा उतरला. तेवढ्याने भागेना, तेव्हा मला घेऊन तो माझगावात चिनी लोकांच्या आळीत गेला. तिथे गोदीत सुतारकाम करणारे एक वयस्क गृहस्थ भेटले, चँग मिस्त्री. हिंदुस्थानी छान बोलत. ठाण्यापलीकडे कळव्याला तुमच्यातला एक माणूस आहे, आणि त्याच्या बायकोने त्याच्यासाठी चीन मागितला आहे, हे ऐकून ते हातातलं काम टाकून उठले. मग त्यांनी पेटी उघडून सोनेरी सर्पासारखा प्राणी भरलेलं एक रेशमी कापड त्र्यंबकपुढे पसरलं. त्यांच्या पितरांचा सण चैत्रातच येतो. ते म्हणाले, यंदा सण आम्ही सगळे त्याच्या कळव्यातच करू.

आणि खरोखर सगळे आले. कोणी रेशीम विकणारा, कोणी सुतार, कोणी खाणावळवाला. वेण्या पाठीवर सोडलेल्या, हातात कागदी आकाशदिवे, एकाच्या गळ्यात ढोल. कळव्याच्या स्टेशनावर उतरले तेव्हा गाव बघायला लोटलं. चँग मिस्त्री चिनूबाबापुढे वाकले आणि माझगावात राहिलेल्या जुन्या कैद्यांकडून कळलेल्या त्याच्या खऱ्या नावाने त्यांनी त्याला हाक मारली: लिम आ-सेंग. बायको नवऱ्याचं नाव घेत नाही आणि गावाला ते ठाऊक नव्हतं, त्यामुळे ते नाव त्या खाडीवर बहुधा पहिल्यांदाच कोणी उच्चारलं असेल. म्हातारा चपापला. मग हाताने चाचपडत त्याने मिस्त्रींचे दोन्ही हात धरले आणि सोडेचना.

बंदरावरची भाताची वखार चैत्रात रिकामी असे, ती पंढरीने मिळवून दिली होती. दिवेलागणीला तिथे मुंगीला शिरायला जागा राहिली नाही. आगरी, कोळी, ठाण्याहून आलेले चार कारकून आणि मध्ये माझगावची मंडळी. चिनूबाबाला पडद्याच्या अगदी पुढ्यात उलट्या टोपलीवर बसवलं. शेजारी आवडाबाई. नवं हिरवं लुगडं, चेहरा मात्र परीक्षेला बसल्यासारखा.

काय तो खेळ झाला! पहिल्या काचेला सोनेरी प्राणी आला. त्र्यंबकने दुसरी काच सरकवली तशी त्याने जीभ बाहेर काढली, ढोल वाजला आणि पुढच्या बायका एकमेकींच्या अंगावर पडल्या. मग शिडाचं जहाज, खाली हलत्या लाटा. मग दिव्यांचा सण. त्र्यंबकने काचेवरच्या काळ्या रंगाला सुईने भोकं पाडली होती, त्यामुळे रात्रभर पेटलेलं शहर खरंच पेटल्यासारखं दिसलं, आणि तेवढ्यात माझगावकरांनी आपले आकाशदिवे उचलून धरले. कापडावरचे दिवे आणि वखारीतले दिवे एक झाले.  बोलणाऱ्याने गप्प बसू नये हे खरं, पण मी बसलो. बरणीवरच्या पुलाला मात्र चँग मिस्त्री मनापासून हसले. म्हणाले, असा पूल मी फक्त बरण्यांवरच पाहिला आहे.

चिनूबाबा मात्र तसाच बसून होता. आवडाबाई मधूनमधून त्याच्या कानाशी लागून विचारी, आणि तो मान हलवी. उजेड दिसतो, छान आहे, एवढंच. ही सगळी शहरं, मनोरे त्याने कधी पाहिलेच नव्हते. खेड्यातला माणूस तो. आवडाबाईने माझ्याकडे पाहिलं. आता शेवटची काच होती.

मी घसा साफ केला आणि माझं ठरलेलं वाक्य म्हटलं: पाहा, सभ्य स्त्रीपुरुषहो, सातासमुद्रापलीकडचा, आपण कोणी कधी न पाहिलेला गाव.

काच सरकली.  पंढरी मोठ्याने म्हणाला, "आरे, ही तं आपली खाडी."

आणि खरंच! आडवा बसलेला पारसिकचा डोंगर, पुढे खाडी, मिठाच्या राशी, पायथ्याला चिनूबाबाची झोपडी. बोटभर काचेवर ते ना त्र्यंबकच्या लक्षात आलं होतं, ना माझ्या. घराएवढं होऊन उभं राहिलं तेव्हा शेंबडं पोरही ओळखेल असं ते कळवं होतं. वखार हसून हसून कोसळायची बाकी राहिली. एकजण ओरडला की माझी होडी दिसते का बघा. चँग मिस्त्रींनी हळूच सांगितलं, बाई, मन लावून केलंत, पण हा आमचा मुलूख नाही. सखुबाई म्हणाली, हिने खाडीपलीकडे कधी काही बघितलंय का, की चीन सांगेल.

आवडाबाईने पदराचा बोळा तोंडात कोंबला. इतक्या वर्षांत तो हात करून "असा डोंगर, अशी खाडी" म्हणाला, आणि तिने जे समोर दिसत होतं तेच चीन म्हणून पाठ केलं. मला तिच्याकडे बघवेना. त्र्यंबकला खूण केली, काच काढ. त्याने हात पुढे नेला.

तेवढ्यात चिनूबाबा उठला.

तो पडद्याला नाक लागेल इतका जवळ गेला. मागच्या उजेडाने त्याचा चेहरा डोंगराच्या हिरव्या रंगाने भरून गेला. हसणं हळूहळू थांबलं. त्याने बोट टेकलं खाडीवर, मग मिठाच्या राशींवर, मग डोंगराच्या पोटातल्या समाध्यांवर. तिथे थांबून हात जोडले. एक काच फार वेळ दिव्यापुढे ठेवायची नसते, रंग वितळतो, काच तडकते. मी पुन्हा खूण केली. त्र्यंबकने माझ्याकडे पाहिलंच नाही.

"योच," चिनूबाबा म्हणाला. "यो माजा गाव."

मराठी तो आवडाकडून शिकलेला, त्यामुळे बोलणं आगऱ्याचंच. मग तो पडद्याकडे तोंड करून हळूहळू सांगू लागला, आणि आम्ही ऐकत राहिलो. तुरुंगात असताना एकदा उधाणाने कळव्याचा बांध फुटला, तो बांधायला कैद्यांची टोळी आणली होती. पायात बेड्या, मान खाली. मान वर केली तर समोर त्याचं गाव. तोच डोंगर, तशीच खाडी, तीच मिठागरं. साहेबाने आपल्याला परत घरी आणलं असं त्याला वाटलं. तो बेड्यांसकट चिखलातून आईचं घर शोधायला पळाला. शिपायांनी पकडून फटके मारले. घर तिथे नव्हतं. म्हणून सुटल्यावर तो जहाजात चढला नाही. घर जिथे असायला हवं होतं तिथे आला आणि त्याने ते बांधलं.

आवडाबाई बसल्या जागेवरून म्हणाली, "मना कवा बोलला नाय."

"रोज बोलत व्हतो. हात करून दावत व्हतो."

"मना वाटला, असा हाय म्हनून सांगतंस."

"असा नाय. योच." त्याने पायथ्याच्या झोपडीच्या दारावर बोट ठेवलं. "माजी आयेस हितं बसाची. उंबऱ्यात. जालं विनीत."

मी कल्याणचा शिकलेला माणूस. डोंगरासारखा डोंगर असू शकतो, हे मला समजत होतं. पण त्या म्हाताऱ्याच्या तोंडावर जो उजेड होता तो काही कंदिलाचा नव्हता, हेही समजत होतं. तो दोन गावांत राहत नव्हता. त्याला एकच गाव होता, आणि तीस वर्षं तो तिथेच होता. आता डोळे जाताना तो गाव त्याला उजेडात पुन्हा दिसला होता.

आवडाबाई उठली. आधी तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढून घेतला, नव्या नवरीने घ्यावा तसा. मग पडद्यापाशी गेली आणि दोन पावलांवर थबकली. पुढे जाईना. आम्ही पुरुष एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागलो की हिला झालं काय. बायकांना ते आधी कळलं असावं, कारण तिकडून हुंदका ऐकू आला.

सखुबाई उठली. जन्मभर जिने टोचून खाल्लं तीच सखुबाई. वखारीच्या कोपऱ्यात भात मोजायचं लाकडी माप पडलं होतं ते तिने उचललं, जमिनीवर सांडून उरलेलं भात ओंजळीओंजळीने त्यात भरलं, आणि पडद्यापुढे, चित्रातल्या त्या दाराच्या बरोबर खाली, ठेवलं.  चँग मिस्त्रींना ही रीत ठाऊक नव्हती, तरी तेही उभे राहिले.

"उजवा पाय, आवडा," सखुबाई म्हणाली.

भेगाळलेल्या टाचेचा उजवा पाय पुढे आला आणि माप लवंडलं. भात ओल्या कापडाखाली पसरलं, चित्रातल्या खाडीचा उजेड दाण्यांवर पडला. कंदिलात काच तडकल्याचा आवाज झाला, चित्रातल्या आकाशातून एक रेघ खाली आली, पण डोंगर आणि घर शाबूत राहिलं. आवडाबाई वाकली. सासूच्या उंबऱ्याला तिने हात लावला, तो कपाळाला टेकवला, आणि बराच वेळ उठली नाही.